चारशे बारा दगडांचा गडगा

किसन घाडीबद्दल शारजाच्या रोल्ला भागातली आपली माणसं दोन गोष्टी सांगतात. एक, जावयाने त्याला फुकटात ग्रीस दाखवलं आणि म्हातारा उपकार विसरला. दोन, त्याने कंपनीचं ड्रॉइंग चोरलं. दोन्ही खोट्या आहेत. सांगणाऱ्यांपैकी कोणी उभ्या जन्मात दगड उचललेला नाही. मी किसनबरोबर शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका कंपनीत अकरा वर्षं काढली. तो दगडात, मी पाइपात. म्हणून काय झालं ते मी लिहितो.

किसन मालवणपासून आत असलेल्या एका गावचा. बाप गडगे बांधायचा. गडगा म्हणजे दगडावर दगड रचून केलेली भिंत. माती नाही, चुना नाही, सिमेंट नाही. किसन बापाच्या हाताखाली बारा वर्षं शिकला आणि सत्ताविसाव्या वर्षी इकडे आला. इकडे गडगा कोणाला हवा होता? इकडे त्याने एकतीस वर्षं दगडाचे पापुद्रे चिकटवले. दोन सेंटिमीटर जाडीची चकती, मागे केमिकल, की झाली दगडी इमारत. ते कामही तो चोख करायचा. साइटवर तो दगड दोनदा उचलत नसे. एकदा बघायचा, एकदा उचलायचा, एकदा ठेवायचा. नाही बसला तर चूक डोळ्यांची, हातांची नाही, असं म्हणायचा. आता त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं पुरती मिटत नाहीत.

बायको गेली तेव्हा तो निवृत्त होऊन गावी होता. मुलीने, शुभ्राने, त्याला परत इकडे आणलं. ती शाळेत शिकवते. जावई वेदांग पुण्याचा, एका बिल्डर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. घर अल नाहदात. किसनचा व्हिसा वेदांगच्या नावावर. रोज दुपारी चारला तो बसने रोल्लाला येतो. मी तिथल्या पार्कच्या बाकावर असतो. मला तो नावाने हाक मारत नाही, फिटर म्हणतो.

गेल्या वर्षी वेदांगची कंपनी समुद्राकाठी एक रिसॉर्ट उभारत होती. पांढरी घरं, निळे दरवाजे, अरुंद गल्ल्या. जाहिरातीत लिहिलं होतं, ग्रीसचं शांत, अनस्पॉइल्ड बेट, आता विमानात न बसता. रिसेप्शनच्या मागे बेटावर असते तशी जुनी दगडी भिंत हवी होती. तिचा नमुना तीनदा बांधला आणि कन्सल्टंटने तीनदा नापास केला. पहिला नवा दिसतो म्हणून. दुसऱ्यावर चहाचं पाणी मारून जुना केला, तो घाण दिसतो म्हणून. तिसरा का, ते कोणालाच कळलं नाही.

एका संध्याकाळी जेवताना वेदांग म्हणाला, "बाबा, आमची टीम बेटावर चालली आहे. आठ दिवस. फोटो, मेजरमेंट्स, टेक्स्चर स्टडी. तुम्ही चला. दगडातलं तुमच्याएवढं आमच्यात कोणाला कळत नाही."

किसनने नातीला विचारलं, "दिया, अनस्पॉइल्ड म्हणजे काय गो?"

"लाइक, नोबडी हॅज टच्ड इट, आजोबा."

"मग तिथे जाऊन बघायचं काय?"

"एग्झॅक्टली दॅट," ती म्हणाली आणि पापड मोडला.

तो गेला. विमानतळावर सिक्युरिटीने त्याच्या पिशवीतला ओळंबा काढला. दोरी परत दिली, पितळी वजन ठेवून घेतलं. तीस वर्षं वापरलेलं. वेदांग म्हणाला, "बाबा, टूलबॉक्स कशाला आणलीत, आपण स्टडीला चाललोय." किसनने दोरी खिशात घातली. बेटावर उतरल्यावर त्याने बंदरातल्या मोटारवाल्याकडून एक मोठा नट मागून घेतला आणि त्या दोरीला बांधला.

बेटाचं नाव मला माहीत आहे. लिहिणार नाही. त्याच्यावर आधीच पुरेशी माणसं चालून गेली आहेत.

आठवड्यातून दोन बोटी. एक कॉफीचं दुकान, एक चर्च, साठ-सत्तर माणसं, त्यातली निम्मी म्हातारी. टीमची सहाजणं बोटीतून उतरली आणि तिथेच फोटो काढू लागली. मग एक मुलगी म्हणाली, "सो अनटच्ड." किसन समोरच्या टेकडीकडे बघत होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि प्रत्येक पायरीला गडगा. एका उतारावरचे त्याने मोजले. एकतीस.

"फिटर," तो मला म्हणाला, "माणसाने हात लावला नाही असा एक दगड नव्हता त्या डोंगरावर. तीनशे-चारशे वर्षं लोकांनी कंबर मोडून ते रचलं. आणि ही पोरगी म्हणते अनटच्ड. हिच्या आईने केलेल्या भाकरीला ही काय म्हणेल, झाडाला लागलेली?"

त्या दिवशी त्याला पहिला राग आला. तो टिकला.

तिसऱ्या दिवशी टीम फोटो काढत वर गेली. सगळ्यात वरच्या पायरीवर एक बाई राहते, अर्गिरो नावाची. ऐंशीच्या पुढची. पाच अंजिराची झाडं, दोन शेळ्या. तिच्या शेताचा गडगा छातीएवढा उंच, पंधरा मीटर लांब. मधोमध त्याला पोट सुटलं होतं. फोटोवाल्यांना तेच आवडलं. किसन खाली बसला आणि पायाशी हात घालून बघितलं. कोणीतरी दहाएक वर्षांपूर्वी खालच्या दोन थरांच्या फटी सिमेंटने बुजवल्या होत्या. गडग्यातून पाणी झिरपून गेलं पाहिजे. वाट बंद केली की पाणी मागे साचतं, माती फुगते, गडगा पोट काढतो आणि एका पावसात बसतो. त्याने म्हातारीला सिमेंट दाखवलं. तिने हाताने दूर शहराच्या दिशेला खूण केली आणि थुंकली. तिच्या पुतण्याचं काम होतं ते.

मग किसनने दोन तळहात एकमेकांवर ठेवून दाखवलं, हे सगळं उतरवायचं आणि पुन्हा चढवायचं. तिने त्याचे हात उलटे करून बघितले. बोटं बघितली. आणि म्हणाली, "मास्तोरा."

किसनला वाटलं तिला कोणीतरी सांगितलं आहे की हा मेस्त्री आहे आणि तिला ते नीट म्हणता येत नाही. त्याने मान हलवून दुरुस्त केलं, "मेस्त्री." ती म्हणाली, "मास्तोरा." असं तीन-चार वेळा झालं. शेवटी कॉफीच्या दुकानाचा मालक, जो जहाजावर राहून इंग्रजी शिकला होता, त्याने सांगितलं की त्यांच्याकडे दगड बांधणाऱ्याला हाच शब्द आहे. कोणीही तिला काही सांगितलेलं नव्हतं. तिने हात बघून ओळखलं होतं. एकतीस वर्षं इकडे किसन लेबर होता, टेक्निशियन होता, कार्डावर मेसन होता. हात बघून कोणी नाव दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी वेदांग कॉफीच्या दुकानात त्याच्याजवळ येऊन बसला. "बाबा, एक आयडिया आहे. त्या आजींची भिंत आपण नीट करून देऊ. कंपनीकडून गिफ्ट. तुम्ही फक्त दर्शनी दगडांना नंबर घाला आणि ड्रॉइंग करा. सप्टेंबरमध्ये टीम पाठवतो, तुम्ही सोबत या."

किसन म्हणाला, "गडग्याला प्रत्येक दगडाला नंबर लागत नाही, वेदांगराव. पायाचे, कोपऱ्याचे आणि आरपार जाणारे, एवढे पुरे."

"नको, सगळे घाला. परफेक्ट करायचं तर परफेक्ट."

इथे किसनची चूक. त्याने हे ऐकून संशय घ्यायला हवा होता. त्याऐवजी त्याला जावयाचं कौतुक वाटलं, की कामाची कदर आहे पोराला. चार दिवस तो उन्हात गुडघ्यांवर बसला. पांढऱ्या पेंटच्या पेनाने एक ते चारशे बारा, मराठी आकड्यांत. सोबत अक्षर, पायाच्या दगडाला पा, कोपऱ्याच्या दगडाला को, आरपारच्या दगडाला आ. कुठला दगड कुठल्या थरात, कुठलं तोंड बाहेर, ते दोनशे पानी वहीत. वही त्याची स्वतःची, रोल्लाहून नेलेली. ते हे चोरलेलं ड्रॉइंग.

म्हातारी रोज त्याला भाकरी, अंजीर आणि शेळीचं चीज आणून द्यायची आणि बाजूला बसून बघायची. निघताना त्याने कॉफीवाल्याकडून तिला सांगितलं, पावसाआधी येतो. तिने विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की. एवढंच. पण किसनने शब्द देणं ही सोपी गोष्ट नव्हे. अकरा वर्षांत त्याने मला दोनदाच दिला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वेदांगने त्याला सकाळी गाडीत घातलं. "बाबा, आज यार्डवर चला. तुमचं काम आहे." किसनला वाटलं जाण्याची तयारी. यार्ड इंडस्ट्रियल एरियातच, आमच्या जुन्या कंपनीपासून दोन रस्ते पलीकडे. तिथे एक कंटेनर उघडा होता आणि जमिनीवर दगड पसरलेले. जहूर नावाचा फोरमन, पेशावरचा, त्याने हाक मारली. "उस्ताद, ये कौन सी गिनती है? इंजिनियर साब को समझ नहीं आ रही."

किसनने खाली बघितलं. पा सात. को बारा. आ दोनशे सात. त्याचंच अक्षर.

त्याने मला सांगितलं, आधी मला वाटलं ऊन लागलं. मग मी दगडाला हात लावला. त्यावर अजून तिकडचं शेवाळ होतं, वाळलेलं.

पुढचं त्या यार्डच्या केबिनमध्ये झालं. जहूर दारात उभा होता, आमच्या लोकांत राहून त्याला मराठी कळतं; किसनने सांगितलं तेच त्यानेही मला नंतर सांगितलं, म्हणून शब्द बरोबर आहेत असं मी धरतो.

वेदांग म्हणाला, "बाबा, लीगली सगळं क्लिअर आहे. ओनरने विकलं. पेपर आहेत."

"ओनर कोण?"

"तिचा नेफ्यू. जमीन त्याच्या नावावर आहे."

"सिमेंट घालणारा."

"ते मला माहीत नाही. बाबा, ऐका. हा ऑथेंटिक दगड आहे. कन्सल्टंटने फोटो बघूनच पास केला. तुम्ही वहीतून वाचून द्यायचं, ही माणसं लावतील. चार दिवसांचं काम."

"गिफ्ट म्हणाला होतात तुम्ही."

"तेव्हा तसंच ठरलं होतं. मग वरून डिसिजन बदलला."

"तिला सांगितलं?"

"कोणाला?"

किसन उभा राहिला. "मी वाचणार नाही."

"मग ते कटिंगला जाईल. स्लाइस करून लावतील. तुम्हाला ते चालेल? निदान तुम्ही केलंत तर भिंत पूर्ण उभी तरी राहील."

यावर किसनने वही हातात घेतली, असं जहूर म्हणाला. वेदांगला वाटलं मानलं. त्याने पुढे आणखी एक वाक्य टाकलं. "बाबा, तुमचा व्हिसा माझ्यावर आहे वगैरे असलं मी कधीच बोलणार नाही. पण माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"बोललास," किसन म्हणाला.

मुलीच्या लग्नानंतर अठरा वर्षं त्याने जावयाला अहोजाहो केलं होतं. वेदांगराव, तुम्ही, आपण. त्या एका शब्दावर ते संपलं. वही काखेत घेऊन तो यार्डमधून चालत निघाला आणि साडेअकराच्या उन्हात रोल्लाला पोचला. सप्टेंबरात. चौसष्ट वर्षांचा माणूस.

तिसऱ्या दिवशी शुभ्रा माझ्याकडे आली. किसन तेव्हा शाळेतून दियाला आणायला गेला होता. ती बाकावर बसली आणि पर्सचा पट्टा ओढत राहिली. "काका, तुम्ही त्यांना समजवा. घरात दोघं बोलत नाहीत. जेवायला वेगवेगळे बसतात. वेदांगला वॉर्निंग लेटर आलंय."

मी समजावलं. हे कबूल केलं पाहिजे. मी त्याला म्हणालो, "चार दिवसांचं काम आहे, वाचून टाक आणि मोकळा हो. दगड तर आलेच इकडे. तू नाही म्हणून ते परत थोडेच जाणार?"

तो म्हणाला, "फिटर, कंपनीने सांगितलं म्हणून तू कधी व्हॉल्व्ह उलटा लावलास?"

"नाही."

"मग गप बस."

मी गप बसलो. पण मला त्याचा राग आला होता. मुलीचा संसार, नातीची शाळा, आणि हा दगडांसाठी अडून बसला आहे, असं मला वाटलं. दोन दिवस मी पार्कात गेलो नाही.

दोन दिवसांनी तोच माझ्या घरी आला आणि म्हणाला, चल, दगड कमरुद्दीनकडे कापायला गेलेत, तिकडे जायचं. कमरुद्दीनचा दगड कापायचा कारखाना आम्हा दोघांच्या ओळखीचा. मशीनवर पाणी पडत होतं. पाती दगडातून जात होती. कमरुद्दीन मशीन थांबवून पुढे आला.

"किसनभाई, ये आपका माल है क्या?"

"नहीं. चोरी का है."

"पेपर तो हैं."

"हाँ. पेपर हैं."

एका बाजूला कापलेल्या चकत्या उभ्या करून ठेवल्या होत्या. दर्शनी बाजूची दोन सेंटिमीटर, तेवढीच हवी होती. उरलेला दगड मागे ढिगात. तो रस्त्याच्या भरावात जाणार होता. एका चकतीवर किसनचा आकडा शाबूत होता, आ दोनशे सात. आरपार जाणारा दगड. अख्ख्या गडग्याला आतून धरून ठेवणारा. दोन हात लांब असतो. त्याची चकती झाली होती.

मी पाइपातला माणूस, मला दगडाचं काही वाटण्याचं कारण नाही. पण तिथे मला कळलं की मी त्याला काय करायला सांगत होतो. मी म्हणालो, "किसन, माझं चुकलं." तो म्हणाला, "हो."

बसमध्ये तो बोलला. "मी वाचलं असतं तर तिकडची भिंत इकडे उभी राहिली असती. लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढणार. नाही वाचलं, तर चकत्या. दोन्हीत तिच्या शेताला काय? तिची माती खाली चालली आहे, फिटर. आणि नंबर माझ्या हाताचे. तिला काय वाटलं असेल? हा माणूस आला, चार दिवस माझी भाकरी खाल्ली, दगडांवर खुणा केल्या, आणि मग ट्रक आला."

कंपनीने काढून दिलेला त्याचा ग्रीसचा व्हिसा सहा महिन्यांचा होता, कितीही वेळा ये-जा चालणारा. पाच आठवडे उरले होते. तिकीट शुभ्राने काढलं. नवऱ्याला न सांगता नाही, त्याच्या समोर बसून. वेदांग म्हणाला, "तू एन्करेज करतेयस त्यांना." ती म्हणाली, "गिफ्ट द्यायची म्हणाला होतास ना, मी देतेय." मग वडिलांना म्हणाली, "बाबा, परतीची तारीख टाकली आहे. ती मोडायची नाही. मोडलीत तर तिकडेही अडकाल आणि इकडेही." किसनने तारीख मान्य केली. तेवीस दिवस.

या वेळी तो बोटीतून एकटाच उतरला. ऑक्टोबर होता, पहिला पाऊस होऊन गेला होता. कॉफीवाल्याने त्याच्याकडे बघून दुसरीकडे तोंड फिरवलं. किसन वर गेला. गडग्याच्या जागी उघडी माती होती, आणि ती खालच्या पायरीवर घसरलेली. पाचपैकी दोन अंजिरांची मुळं हवेत. अर्गिरो दारात आली. त्याला ओळखलं. आत गेली आणि दाराला आतून कडी घातली.

त्याने हाक मारली नाही. काय सांगणार होता? इंग्रजी तिला येत नाही, आणि कॉफीवाला सोबत आला नव्हता. तो खाली गेला, दुकानात बसला आणि मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं, अगदी जावयासकट. कॉफीवाल्याने ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला की खोली रिकामी आहे, पण आंघोळीचं पाणी थंड आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला किसन कामाला लागला. दगड आणायचे कुठून? टेकडीवर पडलेले होते, पण ओबडधोबड, विखुरलेले. आधी तीन दिवस घसरलेली माती मागे ओढली आणि पाया खणला. मग दगड गोळा करणं. मोठे लोळवत, मधले पाठीवर गोणपाटात. गडगा म्हणजे समोर दिसतो तेवढा नसतो. दगडाची लांबी आत जाते, बाहेर फक्त डोकं. वरचा दगड खालच्या दोघांवर बसला पाहिजे, सांधा सांध्यावर येता कामा नये. पोटात चिपा, म्हणजे दगडाचे लहान तुकडे, भरायच्या, त्या हाताने ठासून, फावड्याने टाकून नव्हे. भिंत थोडी आत कलती ठेवायची. चौसष्टाव्या वर्षी, न मिटणाऱ्या तीन बोटांनी, मदतीला कोणी नाही. जे लोक म्हणतात फुकटात ग्रीस बघितलं, त्यांनी हे एक दिवस करून बघावं.

पाचव्या दिवशी अर्गिरो बाहेर आली. दोन थर झाले होते. तिने काठी ठेवली, गडग्याजवळ आली आणि एकेका दगडावर पाय देऊन बघत चालली. एका दगडावर थांबली. पुन्हा पाय दिला. मग त्याला लाथ मारली. दगड निघून खाली गेला.

"मला राग आला," किसन म्हणाला. "मग मी त्या जागी हात घातला. चीप सैल होती. बाईचं बरोबर होतं."

त्याने तो दगड खालून परत आणला आणि बसवला. ती उभी राहिली. पुन्हा पाय दिला. हलला नाही. ती आत गेली. त्यानंतर रोज दुपारी ती येऊन त्या दिवसाचं काम पायाने तपासायची. आणखी दोन दगड पाडले. त्यातल्या एकात तिचं चुकलं होतं, असं किसन अजून म्हणतो. भाकरी मात्र एकदाही दिली नाही. मास्तोरा एकदाही म्हणाली नाही. मी त्याला विचारलं, वाईट वाटलं का? तो म्हणाला, काम संपलं नव्हतं, कशाला म्हणेल?

बाविसाव्या दिवसापर्यंत अकरा मीटर झाले. मध्ये दोन दिवस पावसाने खाल्ले. चार मीटर राहिले. तेविसाव्या दिवशी बोट होती आणि शुभ्राला दिलेली तारीख होती. इथे त्याला दोन शब्दांत अडकायला झालं, मुलीला दिलेला आणि म्हातारीला दिलेला. अर्धवट टोक त्याने दगडांची उतरंड लावून बंद केलं, म्हणजे पाणी येऊन पूर्ण झालेलं ओढून नेणार नाही. निघताना तिने दारातून बघितलं. त्याने चार बोटं दाखवली, त्यातली तीन वाकडी. तिने मान हलवली की नाही, ते त्याला नक्की सांगता येत नाही.

तो परत आला तेव्हा रिसॉर्ट उघडलं होतं. रिसेप्शनमागे चकत्यांची भिंत आहे. वेदांगची नोकरी शाबूत राहिली, वॉर्निंग लेटर मागे घेतलं. घरात दोघं आता जेवायला एकत्र बसतात, शुभ्राने बसवलं म्हणून. किसन त्याच्याशी बोलतो तेव्हा अहो म्हणत नाही आणि अरेही म्हणत नाही. वाक्यं अशी करतो की दोन्ही लागत नाही. "मीठ इकडे." "दियाची बस आली." त्या भिंतीबद्दल वेदांग एकदा म्हणाला, बाबा, एकदा येऊन बघा तरी, लोकांना फार आवडते. किसन ताटावरून उठला.

गेल्या आठवड्यात तो मला टायपिंग सेंटरवर घेऊन गेला. कंपनीचा व्हिसा संपला आहे, नवीन अर्ज भरायचा होता. खुर्चीवर हुमेरा, हैदराबादची, माझ्या ओळखीची. बोटं चालवत सगळं विचारत होती, नाव, पासपोर्ट, स्पॉन्सर.

"अंकल, पर्पज में टूरिझम लिख दूँ?"

"नहीं," किसन म्हणाला. "काम."

"काम लिखेंगे तो अलग वीज़ा लगता है, रिजेक्ट हो जाएगा. टूरिझम लिखते हैं ना. सब लिखते हैं."

"मैं घूमने नहीं जा रहा."

मी म्हणालो, "किसन, लिहू दे तिला. एका शब्दाने काय बिघडतं? व्हिसा मिळाला नाही तर ते चार मीटर तसेच राहतील."

"एका शब्दानेच सगळं बिघडलं, फिटर. तिकडे सगळे टूरिझमच लिहून आले होते."

मागे रांग लागली होती. कोणीतरी यल्ला, लवकर, म्हणालं. हुमेराने माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. तिने यादी खालपर्यंत सरकवली. व्हिजिटिंग फ्रेंड्स असा एक पर्याय होता.

"कोई जानने वाला है वहाँ?"

किसनने विचार केला. "है. एक औरत है. पर दोस्त नहीं है. गुस्सा है मुझ पे."

"चलेगा," हुमेरा म्हणाली आणि टिक केली. "कितने दिन?"

किसनने बोटांवर मोजलं. पाया खणायचा एक दिवस, दगड गोळा करायचे दोन, रचायचे पाच.

"आठ," तो म्हणाला. मग थांबला. "बारिश के दो रखो. दस."